ग्रेसचं कृपादान

१

आमच्या मंडळीत सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. ज्याचं दुखणं त्याने आपल्या तोंडाने देवाला सांगायचं, शेजारचा काय सांगतोय तिकडे लक्ष द्यायचं नाही आणि डोळे उघडायचे नाहीत. माझा नवरा नॅथन एकदाच आला होता. "देव बहिरा आहे का गं?" असं विचारून तो पुन्हा आपल्या जुन्या दगडी चर्चमध्ये जाऊ लागला. तिथे लोक खोकलासुद्धा रुमालात दाबतात.

आमची जागा म्हणजे भिंगारच्या बाजारामागची, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली. गिरणी जाऊन काही वर्षं झाली होती, पण पीठ गेलं नव्हतं. टाळ्यांचा जोर वाढला की वाशांवरून पांढरी भुकटी खाली यायची आणि पास्टर यशया म्हणायचे, हा आपला मान्ना, आभाळातून पडलेली देवाची भाकर. पास्टर आधी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. बिघाड कुठे आहे ते हुडकायची त्यांची सवय गेली नव्हती. तिठ्यावरचा उतारा, उंबऱ्यापुढचं लिंबू, भावकीतून आलेली साडी, सगळीकडे त्यांना सैतानाची फौज दिसायची. मी शाळेत गणित शिकवते, लिंबाला मी लिंबू म्हणते. पण माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा दगडी चर्चमधून कोणी फिरकलं नाही आणि यशया रोज सायकल मारत आले. म्हणून मी तिथे होते.

गाणी मी घ्यायचे. पास्टरांच्या उजवीकडची सतरंजी माझी, आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून माझी मुलगी सुवार्ता. सोळा वर्षांची झाली तरी गाण्यांचं पुस्तक माझ्यासमोर धरून बसायची, मला ती सगळी पाठ असली तरी.

गाणं घेणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा श्वास आधी ऐकू येतो, सूर नंतर. बनुबाई प्रत्येक ओळीच्या मध्येच दम टाकते, पास्टर नाकाने ओढतात. शहाण्णव सालच्या त्या रविवारी गलका ऐन भरात असताना मला एक आवाज ऐकू आला आणि तो श्वास घेत नव्हता. बारीक, सपाट, बाईचा. शब्द कुठल्या भाषेतले ते कळेना. दोघीजणी असतील, मी मनात म्हटलं. एक थांबली की दुसरी उचलत असेल. शाळेत मुली पाढे म्हणताना असंच करतात. मग पास्टर आमेन म्हणाले, सगळे गप्प झाले आणि तो आवाज एकटाच थोडा वेळ पुढे चालत राहिला.

मागच्या भिंतीशी खर्ड्याहून आलेली नवी बाई बसली होती, ग्रेस. मान खाली, पदर डोळ्यांपर्यंत.

"अन्य भाषा," पास्टर हळूच म्हणाले. "पवित्र आत्म्याचं कृपादान." त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याच कृपादानासाठी, न शिकलेल्या भाषेत देवाशी बोलता यावं म्हणून, मी कित्येक वर्षं दर शुक्रवारी उपास करत होते.

२

ग्रेसचा नवरा ट्रकवर होता, महिना महिना दिसायचा नाही. ती एका खोलीत राहून ब्लाउज शिवायची. लष्करी क्वार्टरमधल्या बायका तिच्याकडे कापड टाकायच्या. बोलणं अगदी खेड्यातलं, शाळा अर्ध्यावर सुटलेली, बायबल वाचताना बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायची. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी मुलींना शिकवत आले होते. तिचा अर्थ मला त्या वर्षी कळला.

बनुबाईच्या सुनेचं मूल काही टिकत नव्हतं. एका प्रार्थनेत ग्रेस उठली, तशीच बाहेर पडली आणि बनुबाईच्या घरात शिरून तिने बाजरीच्या पिंपाकडे बोट दाखवलं. पिंपाच्या तळाशी टाचण्या टोचलेली काळ्या फडक्याची बाहुली निघाली. पास्टरांनी ती येशूच्या नावाने रॉकेल ओतून जाळली. कुणी करणी केली म्हणून गल्लीभर कुजबुज झाली. मी एवढंच म्हटलं की ग्रेसला ते आधी कसं कळलं, हेही कोणी विचारावं.

बनुबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "दयाताई, तुमाला येत न्हाई म्हनून तुमाला पटत न्हाई."

चारचौघांत म्हणाली. मी हसून साजरं केलं.

पुढच्या रविवारी पास्टरांनी ग्रेसला आपल्या उजवीकडे बसवलं. मी सरकले. गाणी कमी झाली, कारण लोक आता तिला ऐकायला यायचे, अगदी केडगावहून टेम्पो करून. तेही मी गिळलं असतं. पण सुवार्ता माझ्याबरोबर सरकली नाही. ती तिथेच राहिली, ग्रेसच्या गुडघ्याला गुडघा लावून.

मग ती शिवण शिकायच्या नावाखाली रोज ग्रेसकडे जाऊ लागली. पदर नसताना ओढणी डोळ्यांपर्यंत ओढायला लागली. एकदा मी भाजी वाढू का विचारलं तर म्हणाली, "न्हाई." मी मराठीचे तास बदलीवर घेते, आणि माझ्या पोटची पोर न्हाई म्हणते. मला हेवा वाटला. आत कोणीतरी मिरची वाटतंय असा वाटला. नॅथनने दुसरी बाई केली असती तरी इतकं लागलं नसतं.

३

प्रार्थनेत डोळे उघडू नयेत, तरी मी उघडले. माझ्या मुलीचा चेहरा मला बघायचा होता.

सुवार्ताने तोंड वर केलं होतं आणि ती हसत होती. ऊन अंगावर घेताना माणूस हसतो तशी. तिच्या शेजारी ग्रेस. तो आवाज अगदी जवळून येत होता, बारीक, सपाट, न थांबता. आणि ग्रेसचं तोंड मिटलेलं होतं.

अर्धवट मिटलेलं नव्हे. ओठ ओठांवर घट्ट दाबलेले, इतके की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. गळा हलत नव्हता. मी तिच्या गळ्याकडेच बघत राहिले, कारण गळा खोटं बोलत नाही. माझ्या डोक्यात आलं, गॅदरिंगला बोलक्या बाहुल्यांचा खेळ आला होता, तो माणूसही ओठ हलवायचा नाही. पण तो मधूनमधून आवंढा गिळायचा, हे मी पहिल्या रांगेतून पाहिलं होतं.

मग मी वर पाहिलं. ग्रेसचेही डोळे उघडे होते. ती माझ्याकडेच बघत होती, गालांवर पाणी ओघळत होतं आणि ती अगदी थोडी, नाही नाही अशी मान हलवत होती.

मी पटकन डोळे मिटले आणि उरलेला वेळ मोठमोठ्याने प्रार्थना केली. काय मागितलं ते आठवत नाही.

४

ब्लाउजपीस घेऊन मी तिच्याकडे गेले. दुपारची वेळ होती. सुवार्ताची सहामाही चालू होती, त्यामुळे ती तिथे नसणार हे मला माहीत होतं.

एवढीशी खोली. शिलाई मशीन, पत्र्याची पेटी, दोरीवर पडदा, जमिनीवर रंगीत दोऱ्यांची कतरण. ग्रेसच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि मनगटं काडीसारखी. "सलाम, ताई," म्हणाली आणि चहा टाकला. माझं लक्ष पडद्याकडे होतं, कारण आवाज चालूच होता. हळू, शेजारच्या घरात कोणी पाढे घोकत असावं तसा. मी रेडिओ शोधत होते. पडद्यामागे नुसती मोरी होती.

ग्रेसने बशीत चहा ओतला आणि प्यायली. ती घोट घेत होती आणि आवाज चालू होता.

"ऐकू येतंय न्हवं?" तिने विचारलं. "ह्ये थांबत न्हाई, ताई. जेवताना न्हाई, आंगूळ करताना न्हाई. डोळ्याला डोळा लागत न्हाई माझा."

"पास्टर तर म्हणतात, देवाचं आहे."

"देवाचं असतं तर जेवू दिलं असतं की." तिने बशी खाली ठेवली. "तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकत्यात ते. तुमी सांगा त्यास्नी. माझ्यातनं ह्ये काढा म्हनावं."

ती माझ्या जवळ सरकली.

"आनि सुवार्ताला माझ्याकडं धाडू नका. पोर लई बघती माझ्याकडं."

आता सांगा, कुठल्या आईने हे ऐकून घ्यावं? माझ्या मुलीला तिचं वेड लागलंय, हे ती मला माझ्या तोंडावर सांगत होती, वर डोळे ओले करून. मोती डुकरांपुढे टाकू नयेत असं शास्त्रात लिहिलंय ते उगाच नाही. जिला पेलत नाही तिच्याकडे ते, आणि मी उपास काढतेय. ओठ मिटलेले असोत नाहीतर उघडे, माझ्यासारख्या बाईकडे असतं तर त्याला नीट वळण लागलं असतं, असं मला वाटलं. ब्लाउजपीस मी परत घेऊन आले.

५

पास्टरांना मी एकही खोटा शब्द सांगितला नाही. तोंड मिटलेलं असतं म्हटलं. जेवू देत नाही म्हटलं. बाहुली कुठे आहे हे पवित्र आत्मा सांगतो, तसं ती ठेवणाराही सांगू शकतो, एवढं मात्र मी माझ्या पदरचं घातलं. पास्टर आधी चिडले, मग त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी बनुबाई रस्त्यात मला धरून म्हणाली, "मला पैल्यापासून डाऊट हुता." माणसं हालेलुया म्हणता म्हणता उलटतात.

शनिवारी दुपारी ग्रेसला खोलीच्या मधोमध बसवलं. दारं लावली. पोराटोरांना बाहेर काढलं, कारण आमच्याकडे याची एक रीत आहे. दुरात्मा एकातून निघाला की त्याला लगेच दुसरं घर लागतं. म्हणून जमलेल्या प्रत्येकाने तो निघेपर्यंत एकच वाक्य म्हणत राहायचं, मोठ्याने, न थांबता: माझ्यात तुला जागा नाही. ज्याच्या मनात कसलं किल्मिष असेल त्याने त्या दिवशी घरी बसावं, असं पास्टर दारातच सांगतात. कोणी घरी बसत नाही. घरी बसलं तर लोक काय म्हणतील?

पास्टरांनी ग्रेसच्या टाळूवर तेल ओतलं. ते कपाळावरून नाकापर्यंत आलं तरी तिने पुसलं नाही. "नीघ," पास्टर ओरडले, "येशूच्या नावात नीघ." आणि आम्ही सगळे सुरू झालो. माझ्यात तुला जागा नाही. पिठाची भुकटी पडायला लागली. ग्रेसचे केस पांढरे झाले, आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. तो आवाज मात्र तसाच, गलक्याच्या खालून, सपाट.

मीही म्हणत होते. मग माझं लक्ष खिडकीकडे गेलं. गजांना धरून सुवार्ता उभी होती. तिला मी दिसत नव्हते. ती ग्रेसकडे बघत होती आणि हमसून हमसून रडत होती. मला टायफॉइड झाला तेव्हा ही मुलगी असं रडली नव्हती.

माझा आवाज बंद झाला. ओठ मी हलवत राहिले. त्या गोंधळात कोणाला कळणार होतं? आत मी दुसरंच म्हणत होते. मला दे. मी नीट वापरीन. तिने माझ्याकडे असं बघावं, एवढंच मला पाहिजे. मला दे.

ग्रेसचा आवाज तुटला. पास्टरांनी हात वर केला आणि खोली शांत झाली.

त्या शांततेत मला कोणाचा तरी श्वास ऐकू आला. लांब, खोल, पुष्कळ वेळ न घेतलेला श्वास माणूस घेतो तसा. बनुबाईचा नव्हता, पास्टरांचा नव्हता. माझ्या गालाला लागूनच कोणी तो ओढत होतं, आणि त्या बाजूला माझ्या शेजारी कोणी बसलेलं नव्हतं.

ग्रेस एका कुशीवर कलंडली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, घोरायला लागली.

६

मग काहीच झालं नाही. मी शाळेत गेले, पेपर तपासले, चकल्यांची भाजणी दळून आणली. श्वास वगैरे कानाचे खेळ, असं मी स्वतःला समजावलं आणि खरं सांगायचं तर थोडी हिरमुसलेही.

एका सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून पाणी पीत होते. बाहेरून नॅथन म्हणाला, "रेडिओ बारीक कर गं, बातम्याही नाहीत काही नाही."

मी तांब्या तोंडाला लावलेलाच होता. पाणी घशातून उतरत होतं. आणि तो आवाज चालू होता.

मी तांब्या खाली ठेवला. तोंडावर हात दाबला. आवाज हाताखालून येत नव्हता, फार तर हाताच्या वरून येत होता, नाहीतर मागून, मला सांगता येत नाही. मी ओट्याची कड धरून हळूहळू खाली बसले. तेवढ्यात सुवार्ता स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात दात घासायचा ब्रश तसाच.

"आई," ती म्हणाली. "आई, तू?"

कित्येक महिन्यांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. कदाचित कधीच नाही. मी भीती विसरले.

उजवीकडची सतरंजी परत माझी झाली. केडगावचा टेम्पो आता माझ्यासाठी यायला लागला. गाणी मला घेता येईनात. ओळ उचलायला गेलं की श्वास घ्यायची जागाच सापडायची नाही. पण सुवार्ताचा गुडघा माझ्या गुडघ्याला होता. जेवण जाईना, झोप येईना, नॅथन उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेला. "डॉक्टरला दाखवू या, दया," तो रोज म्हणायचा. "चर्च कुठलंही असू दे, बाई, पण डॉक्टरला दाखवू या." मी त्याला म्हटलं, तुला येत नाही म्हणून तुला पटत नाही.

७

ग्रेस मला बाजारात भेटली. खर्ड्याला परत चालली होती, मशीन टेम्पोत चढवलेलं होतं. मी तिला आधी ओळखलंच नाही. गाल भरले होते, हातात बांगड्या, तोंडात पेरू.

"झोप लागती मला, ताई," ती म्हणाली. "दुपारची सुदीक लागती."

मला तिच्या झोपेचा इतका हेवा वाटला की तो पेरू हिसकावून घ्यावासा वाटला. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, कान देऊन ऐकलं आणि खायचं थांबली.

"तुमच्याकडं आलं व्हय," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मला नंदंकडनं आलं. तिच्यापाशी हुतं तवा मी लई जळायची, की हिलाच का, मला का न्हाई. ज्याला लई पायजे त्याच्याकडं जातं ते, ताई." टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ती चढली आणि वरून वाकून म्हणाली, "सुवार्ताला दूर ठिवा. तिच्याशी वंगाळ वागा, पर दूर ठिवा."

मी घरी चालत आले. रस्ताभर मी ठरवलं. तिच्यासमोर ताटाबाहेर सांडायचं, तिच्या मैत्रिणींसमोर वेडंवाकडं बोलायचं, तिला माझी लाज वाटेल असं वागायचं. या बाईसारखं आपण कधी होऊ नये, असं तिला वाटलं पाहिजे. अवघड काय होतं त्यात? सोळा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटायला वेळ लागत नाही.

सुवार्ता उंबऱ्यावर तेलाची वाटी घेऊन बसली होती. "आई, केसांना तेल लाव ना," म्हणाली. मी तिच्या मागे पाटावर बसले. तिची टाळू उन्हाने कोमट होती. ती मान मागे टाकून माझ्याकडे उलटी बघायला लागली, लहानपणी बघायची तशी.

"आई, मी शुक्रवारचा उपास धरलाय. तुला सांगितलं नव्हतं."

आवाज चालू होता.

"मला पण ते पाहिजे, आई. मला दुसरं काहीच नको. तुझ्याकडचं मला मिळेल का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी तो आवाज, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आमच्या भाषेत बोलला. सपाटही नव्हता. मी तिला जेवायला हाक मारते तो, तोच माझा गोड आवाज.

"मिळेल," तो म्हणाला.

सुवार्ताने डोळे मिटले आणि डोकं माझ्या मांडीवर टेकलं. सगळा भार टाकून टेकलं. इतकी माझी ती कधीच नव्हती.

ते मी बोलले नाही, एवढंच मला तिला सांगायचं होतं. तोंड माझं उघडंच होतं, आणि सांगायला वेळही पुष्कळ होता. मी वाटीत बोटं बुडवली आणि तिच्या भांगात तेल जिरवत राहिले.